डेंग्यूच्या तापात दिवस मोजा

प्रश्न: माझ्या १६ वर्षांच्या मुलाला शनिवारपासून ताप आहे. आज सोमवारी एनएस१ ही डेंग्यूची रक्तचाचणी पॉझिटिव्ह आली. प्लेटलेट १ लाख १० हजार आहेत. उलटी नाही, पाणी पितो, थोडंफार खातो. सासूबाई आणि दीर म्हणतात, लगेच भरती करून प्लेटलेट चढवून घ्या. शेजारीण पपईच्या पानांचा रस द्यायला सांगते. गल्लीत आणखी दोघांना डेंग्यू झालाय. आम्ही जालन्यात राहतो, नळाला आठ दिवसांनी पाणी येतं, त्यामुळे साठवण्यावाचून इलाज नाही. काय करू?

ताई, आधी मुलाचं बघू, घराचं आणि पाण्याचं नंतर.

तुम्ही लिहिलंय त्यावरून आजच्या आज भरती करण्यासारखं काही दिसत नाही. अर्थात त्याला हात लावून तपासणाऱ्या डॉक्टरांचा शब्द माझ्यापेक्षा वरचा. तोंडाने पाणी जातंय, उलटी नाही, या दोन्ही गोष्टी चांगल्या आहेत. पण उद्यापासून त्याच्यावर आजच्यापेक्षा जास्त लक्ष ठेवायचं, आणि ताप उतरला की त्याहून जास्त. हे ऐकायला उलटं वाटतं, म्हणून नीट समजावून सांगतो. डेंग्यूने दगावलेल्या कितीतरी रुग्णांच्या घरच्यांकडून मी एकच वाक्य ऐकलंय: "काल तर ताप उतरला होता, आम्हाला वाटलं बरा झाला."

घरातल्या कॅलेंडरवर शनिवारपुढे '१' लिहा. आज तिसरा दिवस. विषाणू रक्तात जोरात असतो तो साधारण या पहिल्या चार-पाच दिवसांत. कडकडून ताप, डोळ्यांच्या मागे ठणका, पाठ आणि सांधे मोडून येणं, तोंडाची चव जाणं, हे सगळं याच काळातलं. पोरगं फार आजारी दिसतं, पण जिवाला धोका या दिवसांत कमी असतो. धोक्याचा काळ ताप उतरता उतरता सुरू होतो. बहुतेकांत तो चौथ्या ते सातव्या दिवसाच्या मध्ये येतो, म्हणजे तुमच्या हिशेबाने मंगळवार ते शुक्रवार. हा अवघड टप्पा चालतो साधारण २४ ते ४८ तास. तो नीट पार पडला की पुढे सुधारणा झपाट्याने होते. बहुतेक मुलांना हा टप्पा येऊन गेल्याचं कळतही नाही. काहींना मात्र तो फार जड जातो, आणि ती मुलं नेमकी कोणती हे तिसऱ्या दिवशी कुणालाच सांगता येत नाही. म्हणून लक्ष ठेवणं सगळ्यांच्याच बाबतीत आलं.

या टप्प्यात होतं काय? विषाणूशी लढताना शरीर जी रसायनं सोडतं, त्यांनी बारीक रक्तवाहिन्यांच्या भिंती सैल होतात आणि नवा माठ पाझरावा तसं रक्तातलं पाणी बाहेर झिरपू लागतं. ते पोटात साठतं, छातीत फुप्फुसांभोवती साठतं. पाणी गेल्यामुळे उरलेलं रक्त दाट होतं आणि ते हृदयाला, मेंदूला, मूत्रपिंडाला पुरेनासं होतं. डेंग्यूमध्ये माणूस बेशुद्धीकडे जातो तो बहुतेक वेळा या झिरपण्यामुळे. बाहेर दिसणारा रक्तस्राव पुष्कळदा त्यानंतर, शरीर आधीच खचल्यावर सुरू होतो.

हे झिरपणं रिपोर्टमध्ये पकडायचं असेल तर प्लेटलेटच्या आकड्याशेजारी आणखी एक आकडा पाहायला शिका. सीबीसीच्या (रक्तातल्या पेशींच्या तपासणीच्या) कागदावर 'पीसीव्ही' किंवा 'हेमॅटोक्रिट' असं लिहिलेलं असतं, पुढे टक्केवारी असते. रक्त दाट झालं की हा आकडा वर चढतो. समजा आज तो ४० आहे आणि बुधवारी ४८ झाला, तर २० टक्के वाढ झाली. ही मोठी धोक्याची खूण. इतकी वाढ होण्याची वाट पाहायची नसते. प्लेटलेट भराभर खाली आणि पीसीव्ही वर, अशी जोडी दिसली की डॉक्टर सावध होतात. म्हणून आजचा पीसीव्ही वहीत लिहून ठेवा, पुढच्या आकड्यांची तुलना त्याच्याशी करता येते. सीबीसी उद्यापासून रोज एकदा, शक्य तर त्याच लॅबमध्ये, ताप जाऊन दोन दिवस होईपर्यंत. एनएस१ पुन्हा पुन्हा करण्यात काही अर्थ नाही, पैसे वाचवा.

आता घरी काय पाहायचं. पोटात सतत दुखणं, विशेषतः उजव्या बरगडीखाली. दिवसभरात तीनहून अधिक उलट्या किंवा पाणीसुद्धा न टिकणं. हिरड्यांतून, नाकातून रक्त, डांबरासारखी काळी शौच. मुलगी असेल तर पाळीत नेहमीपेक्षा खूप जास्त जाणं. हातपाय गार पडणं, उठून उभं राहताना डोळ्यांपुढे अंधारी, सहा तासांत लघवी न होणं, श्वास लागणं, पोट फुगल्यासारखं वाटणं. आणि एक खूण जी आईलाच आधी कळते: मूल नेहमीसारखं वागत नाही. एकदम मलूल पडतं, किंवा उलट विनाकारण बेचैन होऊन कूस बदलत राहतं, चिडतं. यातली एकही गोष्ट दिसली तर सकाळची वाट पाहू नका. रात्री दोन वाजले असले तरी निघा. १०८ ला फोन करा किंवा मिळेल ते वाहन घ्या.

अवयवांना रक्त पुरेनासं होतं त्या अवस्थेला शॉक म्हणतात, आणि डेंग्यूतला शॉक फार फसवा असतो. रुग्ण शुद्धीवर असतो, उत्तरं देतो, कधीकधी स्वतः चालत दवाखान्यात येतो. रक्तदाबाचा वरचा आकडा बराच वेळ ठीक राहतो, पण खालचा वर सरकत जातो आणि दोन्हींतलं अंतर कमी होतं. ११० वर ९० असा दाब पाहून घरचे म्हणतात, बीपी नॉर्मल आहे. फरक फक्त २० उरलाय, आणि ती शॉकची खूण आहे. घरी मशीन असेल तर हे अंतर पाहा. नसेल तर त्याच्या बोटाचं नख पाच सेकंद दाबून सोडा. पांढरं झालेलं नख दोन सेकंदांत पुन्हा गुलाबी व्हायला हवं. त्याहून जास्त वेळ लागला आणि हातही गार असला, तर दवाखाना गाठा.

प्लेटलेटबद्दल सासूबाईंशी आणि दिरांशी शांतपणे बोला. त्यांची काळजी खरी आहे, फक्त ती चुकीच्या आकड्याला चिकटली आहे. प्लेटलेट साधारण दीड ते साडेचार लाख असतात. डेंग्यूत त्या तिसऱ्या-चौथ्या दिवसापासून उतरू लागतात, सहाव्या-सातव्या दिवसाच्या आसपास तळ गाठतात आणि मग आपोआप वर येतात. तुमच्या मुलाच्या १ लाख १० हजारांच्या ५० हजार होतील, कदाचित ३० हजारही होतील. तो आकडा पाहून घाबरू नका. रक्तस्राव नसताना नुसत्या आकड्यासाठी बाहेरून चढवलेल्या प्लेटलेट त्याच्या रक्तात फार काळ टिकत नाहीत, कारण ज्या कारणाने त्याच्या स्वतःच्या नष्ट होतायत त्याच कारणाने त्याही नष्ट होतात. सिंगापूर आणि मलेशियातल्या रुग्णांवर या प्रश्नाचा पद्धतशीर अभ्यास झाला, २०१७ मध्ये तो 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आला. रक्तस्राव टाळण्यासाठी आधीच प्लेटलेट चढवल्याचा फायदा दिसला नाही, त्रास मात्र जास्त झाला. आपल्या राष्ट्रीय मार्गदर्शक सूचनाही रक्तस्राव नसेल तर १० हजारांच्या खाली गेल्यावरच विचार करा, असं सांगतात. लक्षणीय रक्तस्राव होत असेल तर गोष्ट वेगळी, तिथे त्या हव्याच. पण रात्रभर रक्तपेढ्यांचे उंबरठे झिजवणारे आणि इकडे मुलाने सहा तासांत लघवी केली का हे कुणीच न पाहणारे नातेवाईक मी पाहिलेत. त्या धावपळीतला एक माणूस मुलाजवळ बसवला, तर त्याचा उपयोग फार मोठा आहे.

पपईच्या पानांचा रस: काही छोट्या अभ्यासांत प्लेटलेटचा आकडा थोडा लवकर वर आलेला दिसला. झिरपणं थांबतं किंवा जीव वाचतो असा पुरावा नाही. रस कमालीचा कडू असतो, मुलं तो ओकून टाकतात. उलटीमुळे अंगातलं पाणी जातं, शिवाय ही उलटी रसाची की आजाराची हे डॉक्टरांना कळेनासं होतं. माझं मत विचाराल तर देऊ नका. किवी परवडत असेल आणि त्याला आवडत असेल तर फळ म्हणून खाऊ दे, औषध म्हणून नव्हे. शेळीचं दूध कुणी आणून दिलंच तर उकळूनच द्या. कच्च्या दुधातून ब्रुसेलोसिस नावाचा आणखी एक ताप घरात यायला नको.

मग द्यायचं काय? पातळ पदार्थ, पण नुसतं साधं पाणी नको. ओआरएस, नारळपाणी, मीठ घातलेलं ताक, तांदळाची किंवा नाचणीची पेज, वरणाचं पाणी, लिंबू सरबत. त्याच्या वयाच्या मुलाला दिवसभरात दोन-अडीच लिटर जायला हवं, घोट घोट करत. एका दमात ग्लास संपवायला लावला की उलटी होते. ओआरएसची पुडी किती पाण्यात घालायची ते तिच्यावर छापलेलं असतं, ते वाचूनच घाला. मोठी पुडी एक लिटरची असते, छोटी २०० मिलिलिटरची, आणि यात गोंधळ करणारी बरीच घरं आहेत. पुरेसं पाणी जातंय का हे लघवी सांगते: दर चार ते सहा तासांनी आणि फिकट पिवळी. बीट, डाळिंब, लाल सरबत या दिवसांत टाळा. शौच किंवा उलटी लाल दिसली तर रक्त की रंग, हा घोळ नको.

तापासाठी फक्त पॅरासिटामॉल. १६ वर्षांच्या, ४५-५० किलोच्या मुलाला ५०० मिलिग्रॅमची गोळी, दोन गोळ्यांत किमान सहा तासांचं अंतर, दिवसाला चारच्या वर नाही. दोन गोळ्यांच्या मधे ताप चढला तर कोमट पाण्याने अंग पुसा. मेडिकलमधून 'अंगदुखीची स्ट्राँग गोळी' आणू नका. आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक, अॅसिक्लोफेनॅक, निमेसुलाइड, अॅस्पिरिन यांपैकी काहीही असलेली गोळी जठरात रक्तस्राव घडवू शकते. मिश्र गोळ्यांच्या पाकिटावरची बारीक अक्षरं वाचा, नावं तिथेच असतात. (घरात कुणी हृदयविकारासाठी रोज अॅस्पिरिन घेत असेल आणि त्यांना ताप आला, तर ती गोळी आपल्या मनाने बंद करू नका, डॉक्टरांना विचारा.) कमरेत इंजेक्शन नको, प्लेटलेट कमी असताना स्नायूत रक्त साकळतं. स्टिरॉइड नको. अँटिबायोटिकचा विषाणूवर काही उपयोग नाही.

'एक सलाइन लावून घेतो, बरं वाटेल' हेही या टप्प्यावर टाळा. तोंडाने जात असेल तर सलाइनची गरज नाही. खरी गरज लागते ती झिरपण्याच्या काळात, आणि तीही मोजून: वजन, नाडी, लघवी आणि पीसीव्ही पाहून तासातासाला वेग बदलत. कारण दीड-दोन दिवसांनी रक्तवाहिन्या सावरतात आणि बाहेर झिरपलेलं पाणी स्वतःहून रक्तात परत येतं. त्या वेळी वरून सलाइन चालूच असेल तर फुप्फुसांत पाणी भरतं, आणि शॉकमधून वाचलेला रुग्ण श्वास लागून अत्यवस्थ होतो. डेंग्यूची खरी शुश्रूषा म्हणजे ही मोजदाद. भरती करताना खोलीला एसी आहे का हे विचारण्याआधी विचारा: रात्री कोण पाहणार, पीसीव्ही दिवसातून किती वेळा होईल, लघवी मोजून लिहिली जाईल का. गरोदर बाई, वर्षाच्या आतलं बाळ, वय झालेली माणसं, मधुमेह, किडनी किंवा हृदयाचा आजार असलेले, आणि ज्यांचं घर दवाखान्यापासून फार लांब आहे ते, यांना मी धोक्याच्या खुणांची वाट न पाहता लवकर भरती करायला सांगतो.

चाचण्यांचंही दिवसांशीच नातं आहे. एनएस१ म्हणजे विषाणूचा स्वतःचा एक अंश. तो पहिल्या दिवसापासून साधारण पाचव्या दिवसापर्यंत सापडतो. आयजीएम म्हणजे शरीराने तयार केलेली प्रतिद्रव्यं. ती पाचव्या दिवसाच्या आसपास दिसू लागतात आणि पुढे दोन-तीन महिने राहू शकतात. म्हणून दुसऱ्या दिवशी आयजीएम निगेटिव्ह आलं म्हणून डेंग्यू नाही असं होत नाही, आणि नुसतं आयजीएम पॉझिटिव्ह आलं तर तो दोन महिन्यांपूर्वीचाही असू शकतो. कार्डावरची झटपट चाचणी संशय पक्का करायला बरी. सरकार नोंद धरतं ती एलायझा चाचणीची, आणि ती ठरवून दिलेल्या सरकारी प्रयोगशाळांत मोफत होते. तिथली आयजीएम किट पुण्याच्या राष्ट्रीय विषाणूविज्ञान संस्थेत तयार होतात. तुमच्या गल्लीतल्या तिन्ही रुग्णांची माहिती नगरपालिकेच्या किंवा महापालिकेच्या आरोग्य विभागापर्यंत गेली आहे का, हे आशाताईंना विचारा. नोंद झाली तर भोवतालच्या घरांची तपासणी व्हायला हवी, आणि ती मागायचा तुम्हाला अधिकार आहे.

आता एक गोष्ट जी जवळजवळ कुणीच करत नाही. आजपासून पुढचे तीन-चार दिवस मुलाला दिवसाढवळ्या मच्छरदाणीत झोपवा. त्याला आता डास चावला तर काय होणार, असं वाटेल. त्याला काही होणार नाही. पण त्याच्या रक्तात सध्या विषाणू आहे. आज त्याला चावलेला डास ८ ते १२ दिवसांनी विषाणू पसरवू लागेल आणि मरेपर्यंत पसरवत राहील. त्यातून सासूबाईंना, धाकट्या भावंडाला, शेजारच्या बाळाला लागण होईल. घरातल्या एका रुग्णाला मच्छरदाणीत ठेवणं हा गल्लीसाठीचा सगळ्यात स्वस्त उपाय आहे.

हाच हिशेब उलटा करून पाहा. माणसाला डास चावल्यापासून ताप यायला ४ ते १० दिवस लागतात, त्याआधी डासात विषाणू तयार व्हायला ८ ते १२ दिवस. म्हणजे मुलाला चावलेल्या डासाने विषाणू उचलला तो दोन ते तीन आठवड्यांपूर्वी, दुसऱ्या कुणा तापाच्या माणसाकडून. हा डास लांब उडत नाही, सहसा शे-दोनशे मीटरच्या आतच त्याचं आयुष्य जातं. तेव्हा त्याचा जन्म तुमच्या घरात, शेजारच्या घरात किंवा मुलाच्या शाळेत-क्लासमध्येच कुठेतरी झाला असणार.

एडिस इजिप्ती हे त्याचं नाव. काळा, पायांवर पांढरे पट्टे, चावतो दिवसा, सकाळी आणि सूर्य मावळायच्या आधी जास्त. गटारातला डास वेगळा, त्याने हत्तीरोग पसरतो. गटार साफ व्हायला हवंच, पण त्याने डेंग्यू कमी होत नाही. एडिसला लागतं स्वच्छ, स्थिर, सावलीतलं पाणी, आणि ते आपल्याच घरात असतं.

तुमच्या पाण्याच्या प्रश्नावर थोडा जास्त वेळ थांबतो, कारण मराठवाड्यात आणि सोलापूरकडे डेंग्यूचं मूळ पुष्कळदा इथेच असतं. 'पाणी साठवू नका' असं पत्रक छापणाऱ्याच्या घरी नळाला रोज पाणी येत असावं. जालना, छत्रपती संभाजीनगर, सोलापूर या शहरांनी वर्षानुवर्षं चार, सहा, आठ दिवसांआड पाणी पाहिलंय. लातूरला तर २०१६ च्या उन्हाळ्यात मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं. इथली बाई पिंप रिकामं ठेवणार नाही आणि तिने ठेवूही नये. डेंग्यूचा भाऊबंद चिकुनगुन्या १९७३ मध्ये बार्शीत मोठ्या साथीने आला होता, त्यालाही पसरवणारा डास हाच. दुष्काळी भागातला डेंग्यू पावसाइतकाच टंचाईचा आजार आहे, हे धोरण ठरवणाऱ्यांनी मान्य केलं पाहिजे. नळाला नियमित पाणी देणं हा डेंग्यूवरचा औषधफवारणीपेक्षा मोठा इलाज आहे.

तोवर आपल्या हातात काय आहे ते पाहा. अंड्यापासून उडणारा डास व्हायला पावसाळी हवेत ८ ते १० दिवस लागतात, फार उकाडा असेल तर सातच. आठवड्यातून एक कोरडा दिवस, म्हणजे साठवणीची भांडी रिकामी करून कोरडी करायचा दिवस, हा नियम त्यावरूनच आला. तुमच्याकडे पाणी आठ दिवसांनी येतं, म्हणजे तुमचा पाणीपुरवठा आणि डासाची वाढ यांची वेळ जवळजवळ एकच आहे. त्यातून आपण करतो काय? पिंपाच्या तळाशी वीतभर जुनं पाणी शिल्लक असतं, ते वाया जाऊ नये म्हणून त्यावरच नवं भरतो. तळातल्या अळ्यांना त्यामुळे पुढचे आठ दिवस आयते मिळतात.

रविवार वगैरे ठरवण्यापेक्षा तुमचा कोरडा दिवस नळ यायच्या आदल्या संध्याकाळी ठेवा. तळाचं पाणी जुन्या सुती फडक्याच्या दोन घड्यांतून दुसऱ्या भांड्यात गाळून घ्या आणि ते लादी पुसायला, संडासाला वापरून संपवा. फडक्यावर राहिलेल्या अळ्या आणि कोष कोरड्या मातीवर, उन्हात झटका. गटारात किंवा झाडाच्या ओल्या आळ्यात नको. मग पिंप आतून घासा, नुसतं विसळू नका. एडिसची मादी अंडी पाण्यात घालत नाही, पाण्याच्या रेषेच्या जरा वर, ओलसर भिंतीला चिकटवते. ती डोळ्यांना काळसर कणांसारखी दिसतात, कोरडी पडली तरी महिनोन्महिने तग धरतात आणि पुन्हा पाणी लागलं की फुटतात. म्हणून उन्हाळाभर उपडा पडलेला रांजणही जूनमध्ये भरण्याआधी घासावा लागतो. काथ्या किंवा ताठ ब्रश घ्या आणि कडेपासून हातभर खालपर्यंत जोर लावून घासा.

भरल्यावर झाकण. लाकडी फळी, परात किंवा फुटका पत्रा टेकवला की आपल्याला झाकल्यासारखं वाटतं, पण डासाला बोटभर फट पुरते. जुनं धोतर किंवा सुती साडीचा तुकडा पिंपाच्या तोंडावर ताणून सुतळीने किंवा सायकलच्या ट्यूबच्या पट्टीने घट्ट बांधा. कापड मध्ये झोळ पडून पाण्याला टेकू देऊ नका. पाणी काढायला एका बाजूने सोडायचं आणि लगेच बांधायचं. शक्य असेल तर एका मोठ्या पिंपाऐवजी दोन-तीन लहान भांडी ठेवा आणि एक पूर्ण संपल्यावरच दुसरं उघडा. म्हणजे रोज उघडझाप होणारं भांडं एकच राहतं.

जमिनीतला हौद रिकामा करणं जमत नाही, हे मला मान्य आहे. वापरायच्या पाण्याच्या हौदात गप्पी मासे सोडा. ते आरोग्य केंद्रातून किंवा हिवताप कार्यालयातून मागून घ्या. ते अळ्या खातात, त्यांना वेगळं खाणं लागत नाही. नदी-ओढ्यात मात्र सोडू नका, ते आपले नाहीत आणि तिथल्या देशी माशांना जड जातात. हौदात टेमिफॉस, ज्याला कर्मचारी 'अॅबेट' म्हणतात, टाकायला आले तर टाकू द्या. ठरलेल्या मात्रेत ते पिण्याच्या पाण्यातही चालतं असं जागतिक आरोग्य संघटनेने सांगितलंय. स्वतः अंदाजाने काही ओतू नका. रॉकेल तर पिण्याच्या किंवा वापराच्या पाण्यात मुळीच नको.

पिंपापलीकडचं घरही एकदा फिरून पाहा. फ्रिजच्या मागचा ट्रे, जूनमध्ये कोपऱ्यात सरकवलेल्या कुलरच्या तळाचं पाणी, कुंडीखालची बशी, मनी प्लांटची बाटली, गच्चीवर चिमण्यांसाठी ठेवलेलं भांडं, अंगणातलं जुनं उखळ, पत्रा उडू नये म्हणून त्यावर टाकलेला टायर, करवंट्या, झाकण उडालेली टाकी, बंद पडलेल्या संडासाची फ्लशची टाकी. गणपतीच्या मांडवाची ताडपत्री झोळ खाऊन पाणी धरते, मंडळाच्या पोरांना रोज ती खालून काठीने उचलायला सांगा. गल्लीत बांधकाम चालू असेल तर तिथल्या पाण्याच्या टाकीकडे मुकादमाचं लक्ष वेधा.

धूर फवारणीसाठी लोक मोर्चे काढतात. मला त्यांचा राग कळतो, पण त्या धुराने मरतात ते त्या क्षणी उडणारे डास. अळ्या आणि अंडी तशीच राहतात. एडिस तर रस्त्यावर नसतोच, तो घरात, खुंटीवरच्या कपड्यांमागे, पलंगाखाली, कपाटाच्या आडोशाला बसतो. तरीही रुग्ण सापडलेल्या घरांभोवती फवारणीचा उपयोग होतो, कारण विषाणू घेऊन फिरणारे डास तिथेच असण्याची शक्यता जास्त. गाडी आली की आपण दारं-खिडक्या लावून घेतो. उलट, अन्नपाणी झाका, दमेकरी आणि लहान मुलांना थोडा वेळ दूर न्या आणि दारं-खिडक्या उघडी ठेवा, म्हणजे औषध घरात शिरेल.

संध्याकाळी खिडक्या लावण्याची आपली सवय दुसऱ्या डासांसाठी ठीक आहे. या डासासाठी बंदोबस्त सकाळी हवा. शाळेत जाताना पूर्ण बाह्यांचा शर्ट, मोजे, उघड्या अंगाला डास पळवणारं मलम. दुपारी झोपणाऱ्या बाळाला आणि म्हाताऱ्या माणसांना मच्छरदाणी.

एक प्रश्न तुम्ही विचारला नाही, पण पुढे पडेलच: हा एकदा होऊन गेला की सुटलो का? नाही. डेंग्यूच्या विषाणूचे चार प्रकार आहेत. जो झाला त्याच्यापासून जवळजवळ जन्मभराचं संरक्षण मिळतं, उरलेल्या तिघांपासून फक्त काही महिन्यांचं. नंतर वेगळ्या प्रकाराची लागण झाली तर आधीची प्रतिद्रव्यं नव्या विषाणूला पेशींत शिरायला उलट मदत करू शकतात, आणि आजार गंभीर होण्याची शक्यता वाढते. लस बनवणं अवघड गेलं तेही यामुळेच. फिलिपिन्समध्ये २०१६ मध्ये लाखो शाळकरी मुलांना एक लस दिली गेली. पुढच्याच वर्षी तिच्या कंपनीने जाहीर केलं की ज्यांना आधी डेंग्यू झालेला नाही त्यांच्यात ती धोका वाढवू शकते. त्यानंतर सगळेच जपून पावलं टाकू लागले. आपल्याकडे 'डेंगीऑल' या भारतात बनलेल्या एका डोसच्या लशीची तिसऱ्या टप्प्याची चाचणी ऑगस्ट २०२४ मध्ये रोहतकहून सुरू झाली, दहा हजारांहून अधिक स्वयंसेवक घेऊन, प्रत्येकाचा दोन वर्षं पाठपुरावा ठरवून. तिच्याकडून मला आशा आहे. या पावसाळ्यासाठी मात्र पिंप घासणं हाच मार्ग धरा.

मुलगा बरा होताना आठवड्याच्या शेवटी अंगावर लालसर पुरळ येईल, मध्ये मध्ये पांढरे ठिपके राहतील, तळहात-तळपायांना खाज सुटेल. ती बरं होण्याची खूण आहे, घाबरू नका. भूक परत येईल, लघवी भरपूर होईल. थकवा मात्र दोन-तीन आठवडे रेंगाळतो. शाळा लवकर सुरू झाली तरी मैदान थोडं उशिरा. आणि आजचा एनएस१ चा कागद फेकू नका. त्याच्या फाइलमध्ये तारखेसह लावून ठेवा. पुढे कधीही, कुठल्याही गावात त्याला असा ताप आला, तर डॉक्टरांना पहिल्याच भेटीत सांगायचं की याला आधी एकदा डेंग्यू होऊन गेलाय.